गोळी तीच, वाट वेगळी

ऑपरेशनसाठी दाखल होताना भरायच्या अर्जात 'सध्या चालू असलेली औषधे' असा एक रकाना असतो. मधुमेहाची गोळी तिथे लिहिली जाते, रक्तदाबाची लिहिली जाते, थायरॉईडची तर हमखास. एस्सिटालोप्रामचं नाव मात्र पुष्कळदा गाळलं जातं. शेजारी सासू नाहीतर नवरा बसलेला असतो. मानसोपचार चालू आहेत हे कळलं तर सर्जन ऑपरेशनच पुढे ढकलतील, अशी धास्ती असते. आणि डिप्रेशनच्या गोळीचा पोटाच्या ऑपरेशनशी संबंध तो काय, असंही वाटत असतं.

संबंध अगदी थेट आहे. गोळी ज्या वाटेने रक्तात पोचते, तीच वाट लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेत बदलली जाते.

हा प्रश्न मूठभरांचाही नाही. २०१६ साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात अशा शस्त्रक्रियेला येणाऱ्यांच्या मानसिक आजारांविषयी अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात नैराश्याचं प्रमाण १९ टक्के निघालं, म्हणजे जवळजवळ पाचातला एक. आपल्याकडे तर या शस्त्रक्रियेचा उंबरठा पाश्चात्त्यांपेक्षा खाली ठेवलेला आहे. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार इतरांसाठी बीएमआय ३५ असेल, तर आशियाई माणसासाठी २७.५ पासूनच विचार सुरू करावा. या फरकामागची गोष्ट सांगताना पुण्याचं नाव येतंच. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ असलेला भारतीय माणूस आतून किती चरबी बाळगून असतो, हे त्या एका फोटोने जगाला दाखवलं.

आता ऑपरेशनकडे वळू. एडवर्ड मेसन आणि चिकाओ इटो यांनी १९६६ मध्ये आयोवा विद्यापीठात लठ्ठपणासाठी पहिला गॅस्ट्रिक बायपास केला. पुढे त्याला स्विस सर्जन सेझार रू यांच्या जुन्या जोडणीची जोड मिळाली. आज ज्याला बायपास म्हणतात त्यात जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी ठेवतात, लहान आतडं कापून त्याचा खालचा भाग वर ओढून या पिशवीला जोडतात. उरलेलं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग अन्नाच्या वाटेतून बाजूला पडतो. भारतात लोकप्रिय असलेल्या 'मिनी बायपास'मध्ये दोनऐवजी एकच जोडणी असते. 'स्लीव्ह' या दुसऱ्या प्रकारच्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढूनच टाकतात, आतड्याला मात्र हात लावत नाहीत.

साधी गोळी गिळली की ती जठरात घुसळली जाते, आम्लात विरघळते आणि मग लहान आतड्याच्या लांबलचक पृष्ठभागावरून शोषली जाते. आतड्याच्या भिंतीतली विकरं तिच्यातला काही भाग तिथेच मोडतात, बाकीचं यकृतामार्गे रक्तात जातं. बायपासनंतर घुसळण नाही, आम्ल फारसं नाही, आणि शोषणाची सुरुवातीची जागा वगळलेली. उलट भिंतीतल्या विकरांचा सुरुवातीचा पट्टाही वगळला गेल्यामुळे एखादं औषध तिथे कमी मोडलं जाऊन जास्तही पोचू शकतं. त्यामुळे 'ऑपरेशननंतर औषध कमी लागू पडतं' असा सरसकट नियम करता येत नाही. २००५ साली अमेरिकेत बावीस मनोविकारांची औषधं प्रयोगशाळेत, बायपासनंतरच्या जठरासारख्या द्रवात विरघळवून पाहिली गेली. त्यांतली दहा नेहमीपेक्षा कमी विरघळली आणि दोन जास्त. जास्त विरघळणाऱ्यांत लिथियम होतं. लिथियमची मात्रा थोडी वाढली तरी विषबाधा होते, आणि ऑपरेशननंतर पाणी कमी प्यायलं जात असताना तर ती सहज होते. सुदैवाने लिथियमची रक्तातली पातळी मोजणारी तपासणी आपल्याकडे सहज मिळते. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांच्या बाबतीत ती रुजलेली नाही.

प्रत्यक्ष माणसांवरचे प्रयोग फार लहान आहेत, पण त्यांचे आकडे बोलके आहेत. अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटा राज्यातल्या फार्गो इथे बायपास झालेल्या पाच जणांना आणि न झालेल्या पाच जणांना सरट्रालिनचा एकच डोस दिला गेला. बायपासवाल्यांच्या रक्तात पोचलेलं एकूण औषध दुसऱ्या गटाच्या साधारण ४० टक्केच भरलं. त्याच चमूला ड्युलोक्सेटिनच्या बाबतीत हे प्रमाण ५८ टक्क्यांच्या आसपास आढळलं. व्हेनलाफॅक्सिनच्या सावकाश सुटणाऱ्या कॅप्सूलवर मात्र दुसऱ्या एका अभ्यासात बायपासचा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही.

मला यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो पिट्सबर्गचा अभ्यास, २०१२ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ सायकायट्री'त आलेला. त्यात तीच माणसं ऑपरेशनच्या आधी आणि नंतर एक, सहा व बारा महिन्यांनी तपासली. होती बाराच. त्यांतल्या आठ जणांच्या रक्तातलं औषध पहिल्या महिन्यात आधीच्या सरासरी ५४ टक्क्यांवर घसरलं. सहाव्या महिन्यापर्यंत आठांपैकी सहा जण पूर्ववत किंवा त्याहून वर आले. म्हणजे आतडं हळूहळू सावरतं, पण मधला काळ कुणाचा? पहिल्या महिन्यात माणूस पातळ आहारावर असतो, अशक्त असतो. जेवणातून मिळणारा आधार हातचा गेलेला असतो. नेमक्या याच दिवसांत मनाचा आधारही अर्ध्यावर येतो, आणि मानसोपचारतज्ज्ञांची पुढची तारीख बहुधा दोन-तीन महिन्यांनंतरची असते. ऑपरेशनआधी घेतलेलं 'फिट' असं एका भेटीतलं प्रमाणपत्र या महिन्यात काहीच कामाचं नाही. ऑपरेशननंतर दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात सायकियाट्रिस्टची भेट ठरलेली असावी. टाके बघायला बोलावतात तितक्याच सहजपणे.

त्यातही आपल्याकडच्या औषधांच्या दुकानातली काही वैशिष्ट्यं गुंता वाढवतात. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत असलेल्या स्ट्रिप इथे सर्रास लिहून दिल्या जातात. पॅरॉक्सेटिन सीआर आणि क्लोनाझेपाम अशीही जोडगोळी मिळते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती 'झोपेची गोळी' म्हणून कुणी बंद केली, तर दोन औषधं एकदम बंद होतात. त्यातलं क्लोनाझेपाम बराच काळ घेतलेलं असेल, तर ते एकाएकी थांबवल्यावर झटकेही येऊ शकतात. शिवाय जोडगोळीतलं एकच औषध कमी-जास्त करता येत नाही. म्हणून ऑपरेशनच्या काही आठवडे आधीच ती मोडून दोन वेगळ्या गोळ्या करून घेणं शहाणपणाचं. पॅरॉक्सेटिन सीआरसारख्या लांबवलेल्या गोळ्यांना आणखी एक अडचण असते. ऑपरेशननंतरचे काही आठवडे गोळ्या कुटून पाण्यात घालून द्या, असं सांगितलं जातं. सीआर, एसआर किंवा एक्सआर असं स्ट्रिपवर छापलेली गोळी कुटली की बारा-चोवीस तासांत सुटायचं औषध एकदम सुटतं. ब्यूप्रोपियॉनच्या बाबतीत यातून झटक्यांचा धोका असतो. ड्युलोक्सेटिनच्या कॅप्सूलमधले दाणे आम्लापासून वाचावेत म्हणून त्यांवर वेष्टन असतं; ते चावलं की सगळा खटाटोप फुकट.

आणखी दोन औषधं या गोष्टीत हमखास येतात. पहिलं ॲसिडिटीचं. जोडणीपाशी व्रण होऊ नये म्हणून ऑपरेशननंतर महिनोन् महिने ओमेप्राझोल किंवा त्याच्या भावंडांपैकी एखादं देतात. ओमेप्राझोल यकृतातलं जे विकर अडवतं, तेच एस्सिटालोप्राम मोडत असतं. परिणामी एस्सिटालोप्रामची पातळी सुमारे निम्म्याने वाढू शकते. म्हणजे एकीकडे आतडं ते कमी घेतं आणि दुसरीकडे यकृत ते कमी मोडतं. हिशेब कुठल्या बाजूला झुकेल हे माणसागणिक वेगळं. डोस आधीच वाढवून ठेवणं त्यामुळेच धोक्याचं. दुसरं ट्रॅमॅडॉल. बायपासनंतर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी व्रण होतो म्हणून ती टाळतात, मग ट्रॅमॅडॉल पुढे येतं. ते सेरोटोनिनही वाढवतं. नैराश्याची गोळी चालू असलेल्यांत त्याने घाम, थरथर, ताप, गोंधळलेपण असं चित्र उभं राहू शकतं, आणि फ्लुऑक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिन घेणाऱ्यांत ते वेदनाही धड कमी करत नाही, कारण ज्या विकराने त्याचं प्रभावी रूप तयार व्हायचं तेच या गोळ्या रोखतात. भूल देणाऱ्या डॉक्टरांना गोळ्या चालू असल्याचं कळलं, तर ते वेदनेचा बंदोबस्त वेगळा करू शकतात. एस्सिटालोप्राम, सरट्रालिनसारख्या एसएसआरआय गटातल्या गोळ्या सहसा ऑपरेशनसाठी बंद करायच्या नसतात, हेही सांगायला हवं.

मन उतरलं की ते औषध कमी पडल्यानेच असेल असंही नाही. ऑपरेशननंतर सतत उलट्या होत असतील तर थायमिन संपतं आणि मेंदूवर परिणाम होतो. बी-१२ कमी झालं की थकवा, विसराळूपणा, उदासी येते; आणि शाकाहारामुळे बी-१२ ची कमतरता आपल्याकडे ऑपरेशनआधीपासूनच घरोघर असते. रक्ततपासणीविना डोस वाढवत राहणं म्हणजे दुखणं एकीकडे आणि मलम दुसरीकडे.

या सगळ्याला गंभीर पार्श्वभूमी आहे. युटामध्ये बायपास झालेल्या ७,९२५ जणांची तितक्याच इतर लठ्ठ लोकांशी तुलना करणारा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण मृत्यूचं प्रमाण ऑपरेशनने ४० टक्क्यांनी घटलं, ही मोठीच कमाई. पण अपघात, आत्महत्या अशा, आजाराव्यतिरिक्तच्या कारणांनी होणारे मृत्यू त्याच गटात ५८ टक्के जास्त होते. कॅनडातल्या ऑन्टॅरिओमध्ये ८,८१५ रुग्णांच्या ऑपरेशनआधीच्या आणि नंतरच्या तीन-तीन वर्षांची नोंद पाहिली, तेव्हा स्वतःला इजा करून घेतल्यामुळे तातडीने दवाखान्यात यावं लागण्याचं प्रमाण सुमारे दीडपट झालेलं आढळलं. अशा घटनांतल्या ९३ टक्के ज्यांना आधीपासून मानसिक आजाराचं निदान होतं त्यांच्यात घडल्या. म्हणजे कुणाकडे जास्त लक्ष द्यायचं हे आधीच माहीत असतं. जगणं नकोसं वाटण्याचे विचार आले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ वर दिवसरात्र, मराठीतही बोलते. दारूचंही भान हवं. बायपासनंतर ती रक्तात झपाट्याने चढते, आणि अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या वर्षी दारूच्या विकाराचं प्रमाण ७.६ वरून ९.६ टक्क्यांवर गेलं होतं.

मग वर्ष उलटतं, वजन उतरतं, जुने कपडे अंगावर लोंबू लागतात, आणि माणूस म्हणतो, आता कशाला हव्यात गोळ्या? मेयो क्लिनिकने आपल्या बायपास रुग्णांची नोंद पाहिली तेव्हा नैराश्याची औषधं घेणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांचीच ती कमी किंवा बंद झाली होती. २३ टक्क्यांची वाढली होती. बरं वाटू लागल्यानंतरही किमान सहा महिने गोळी चालू ठेवावी आणि मग डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्या-आठवड्याने उतरवावी, हा नेहमीचा नियम इथेही तसाच आहे. फ्लुऑक्सेटिन शरीरातून सावकाश जातं, त्यामुळे ते सोडताना त्रास कमी. पॅरॉक्सेटिन किंवा व्हेनलाफॅक्सिन एकदम सोडलं तर दोन-तीन दिवसांत चक्कर, मळमळ, घाम, डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं. बायपास झालेल्यांना गोड खाल्ल्यावर येणारी डम्पिंगची चक्करही अशीच वाटते, आणि घरचे तीच समजून बसतात. चक्कर जेवणानंतर अर्ध्या तासात येते की दिवसभर असते, आणि शेवटची गोळी कधी घेतली, एवढं विचारलं तरी दोन्हींतला फरक बहुधा कळतो.