मोठे इंजिन आणि २० मिलिमीटरची वाट

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी एकआसनी रेसिंग कार स्वतः रचावी, बांधावी आणि मैदानात उतरवावी, यासाठी अमेरिकेत १९८१ पासून ‘फॉर्म्युला एसएई’ ही स्पर्धा भरते आणि त्याच धर्तीवर भारतात ‘फॉर्म्युला भारत’ होते. तरीही ही निव्वळ शर्यत असून ज्याचे इंजिन मोठे तोच जिंकतो, हा समज पालकांपासून प्राध्यापकांपर्यंत चिवटपणे टिकून आहे.

तो खोडायला मूळ अमेरिकी नियमावली उघडली तरी पुरे. पेट्रोलच्या इंजिनाला लागणारी सगळी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच अरुंद वाटेतून, म्हणजे ‘रेस्ट्रिक्टर’मधून, घ्यावी लागते, इंजिन जोराने ओढू लागले की तेथील हवेचा वेग वाढतो खरा, पण तो ध्वनीच्या वेगाला पोचताच प्रवाह कोंडतो आणि मग इंजिन केवढेही असो, सेकंदाला सुमारे ७५ ग्रॅमपेक्षा जास्त हवा आत जात नाही. हवाच नाही तर जादा पेट्रोल जळणार कशात? तरीही ‘मोठे इंजिन बसवा’ हा सल्ला काही थांबत नाही.

गुणांची वाटणीही हेच सांगते. १,००० गुणांपैकी ७५ मीटरच्या सरळ धावेला अवघे १०० गुण आहेत, तर रचनेमागची कारणे परीक्षकांना पटवून देण्यास १५०, खर्चाच्या हिशेबास १०० आणि व्यवसायाच्या मांडणीस ७५, म्हणजे चाक फिरण्याआधीच ३२५ गुणांचा निकाल लागतो. सर्वाधिक २७५ गुण सुमारे २२ किलोमीटरच्या सहनशक्ती-फेरीला असून तिच्या मध्यावर इंजिन बंद करून चालक बदलावा लागतो; तापलेले इंजिन पुन्हा सुरू झाले नाही, तर धाव तेथेच संपते.

गाडी बांधण्याचे काम फक्त मेकॅनिकलच्या मुलांचे, हा समज विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या गटानेच निकालात काढला आहे. जड गाडी वळणावर रस्ता अधिक धरते, हेही खरे नाही, कारण भार वाढतो त्या प्रमाणात रबराच्या टायरची पकड वाढत नाही.

घर्षणगुणांक, म्हणजे घर्षणबल आणि पृष्ठभागावरील लंबबल यांचे गुणोत्तर, १ च्या पुढे जात नाही, असेही ठामपणे सांगितले जाते. पण पंख नसलेल्या गाडीने १८.२५ मीटर व्यासाचे वर्तुळ ५ सेकंदांत पूर्ण केले, तर केंद्रगामी त्वरण सेकंदवर्गाला १४.४ मीटर, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ दीडपट येते, आणि सपाट डांबरावर ते पुरवणारे टायरवाचून दुसरे काहीच नसते.