अर्ध्या तासाची वाटणी

रुग्णांना 'रोज थोडा व्यायाम करा' असे सांगण्यात माझी पंचवीस वर्षे गेली. बावन्नाव्या वर्षी एका रात्री वडिलांचा रक्तदाब मोजून झाल्यावर सहज तोच पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. आकडा आला १५६/९८. आठ दिवस पुन्हा पुन्हा मोजून पाहिले, फारसा फरक पडेना. गोळी सुरू केली आणि पडवीत गंजत पडलेली मुलाची सायकल दुरुस्तीला दिली.

सायकल तयार झाली, अडचण वेळेची होती. पक्षाघातानंतर वडिलांची डावी बाजू अधू झाली आहे. सकाळी त्यांना उठवणे, शौचाला नेणे, तोंड धुणे, चहा आणि गोळ्या देणे हे काम माझे. म्हणून पहाटे पाचला बाहेर पडावे असे ठरवले. पण आमचा भाग जुन्नर-आंबेगावचा. धरणांच्या कालव्यांमुळे सर्वत्र ऊस, आणि उसात बिबट्या. अंधारात एकट्याने उसाच्या कडेने जाणे शहाणपणाचे नाही, हे पत्नीने एका वाक्यात सांगितले. सूर्योदयानंतर जायचे, तर ती वेळ नेमकी वडिलांची.

तरीही पुणे-नाशिक महामार्ग टाळून नारायणगावहून खोडदच्या रस्त्याने जाऊ लागलो. पहिल्या दिवशी साध्या चढावर उतरून सायकल हातात धरावी लागली. चौथ्या दिवशी घरी परतलो, तेव्हा वडिलांचे अंथरूण ओले झाले होते. सुनेला हाक मारण्याचा संकोच वाटला म्हणून ते माझी वाट पाहत राहिले होते. सायकल पुन्हा पडवीत गेली.

पंधरा दिवसांनी रात्री जेवणानंतर सगळे त्यांच्या खाटेभोवती बसलो. ते म्हणाले, "मला कुणी विचारलंच नाही. नातू आला तर मला चालेल." प्रश्न तिथेच सुटला. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळ नातवाची. युरिनलचे भांडे खाटेजवळ, उजव्या हाताला. गोळ्यांची डबी रात्रीच भरून ठेवायची. ज्यांची शुश्रूषा करायची, त्यांनाच विचारायचे मी, डॉक्टर असून, विसरलो होतो.

किती आणि कसे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. तीन दिवस अर्धा तास सायकल आणि दोन दिवस अर्धा तास चालणे, इतक्यात १५० मिनिटे भरतात. सायकल चालवताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढाच वेग पुरे.

सायकलीवर शरीराचा भार सीट पेलते, म्हणून दुखऱ्या गुडघ्यांना ती बहुधा चालण्यापेक्षा सुसह्य होते. मात्र त्याच कारणाने हाडांच्या बळकटीसाठी ती पुरेशी नाही. चालणे सोडू नये. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील, इतकी सीट उंच ठेवावी. सीट फार खाली असली की गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. पाय उंच टाकून बसणे कठीण जात असेल, तर मधला दांडा नसलेली सायकल घ्यावी. हेल्मेट अवश्य वापरावे.

आधी डॉक्टरांना विचारावे

हृदयविकार, चक्कर, तोल जाणे किंवा रक्त पातळ करणारी औषधे सुरू असतील, तर तपासणीशिवाय रस्त्यावर उतरू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामात अचानक खाली येऊ शकते. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अकारण दम जाणवला, तर तिथेच थांबावे आणि लगेच वैद्यकीय मदत घ्यावी. तोल सांभाळता येत नसेल, तर घरात पाठीला आधार असलेली स्थिर सायकल उत्तम. पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायामही करावेत.

सेवा करणाऱ्यांसाठी

दवाखान्यात अनेक सुना, मुली, पत्नी भेटतात. रुग्णाचे सगळे अहवाल त्यांना पाठ असतात, पण स्वतःचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला ते आठवत नाही. अर्धा तास स्वतःसाठी मागणे त्यांना चोरीसारखे वाटते. ती चोरी नव्हे. सेवा करणाराच खाटेला खिळला, तर घरात रुग्ण दोन होतात. तो अर्धा तास मात्र आपोआप मिळत नाही. वार ठरवून, घरातल्यांची नावे घालून तो मागावा लागतो.

माझी गोळी आजही सुरू आहे. मात्रा वाढवावी लागलेली नाही, आणि रात्री झोप लागते. मंगळवारी परतलो की वडील विचारतात, "मीनेला पाणी आलं का? टोमॅटोच्या गाड्या किती दिसल्या?" चहा घेत मी सगळे सांगतो. एखाद्या गुरुवारी कंटाळा करून पडून राहिलो, तर तेच नातवाला हाक मारतात आणि मला उठवायला सांगतात.