सल्ला न देणाऱ्यांची परीक्षा

सल्ला देणाऱ्याची परीक्षा घेणं सोपं. सल्ला बरोबर की चूक, एवढं तपासलं की झालं. पण ज्याचं अर्धं कसब सल्ला गिळण्यात आहे, त्याला गुण कसे द्यायचे? आणि अशी माणसं घडवणाऱ्या अभ्यासक्रमाला मान्यता द्यायची, तर त्यात नेमकं काय तपासायचं? हेल्थ अँड वेलनेस कोच या नव्या व्यवसायासाठी अमेरिकेनं याचं उत्तर शोधलं आहे, आणि ते पाहिलं की थक्क व्हायला होतं.

हा कोच डॉक्टर नव्हे. निदान करणं, औषध सुचवणं त्याच्या कक्षेत येत नाही. ‘गोड कमी करा, रोज चाला’ हे समोरच्याला पाठ असतं. पाठ असूनही ते होत नाही, आणि कोचचं काम तिथूनच सुरू होतं.

पण अशा सोबतीनं खरंच फरक पडतो का? २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ‘डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ३,२३४ लोक होते. काहींना मेटफॉर्मिनची गोळी दिली. काहींना लाइफस्टाइल कोच दिला आणि दोन उद्दिष्टं दिली : वजन ७ टक्क्यांनी उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल करायची. खोटी गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत मेटफॉर्मिन गटात मधुमेहाचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं, तर जीवनशैलीच्या गटात ५८ टक्क्यांनी. हे कोच माहितीही द्यायचे, शिकवायचेही. पण माणूस टिकून राहिला त्यात कुणीतरी नियमित सोबत असण्याचा वाटा असावा, असं मानायला जागा आहे.

पण सोबत करणारे सगळेच सारखे नसतात. असं का? याचा धागा आणखी मागे जातो. १९८० साली विल्यम मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दारूच्या समस्येवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात नऊ समुपदेशक एकच पद्धत वापरत होते. वरिष्ठांनी त्यांचं काम पाहून, समोरच्याला समजून घेण्यात कोण किती पुढे, अशी त्यांची क्रमवारी लावली. पुढे दिसलं ते असं, की कुणाचे लोक दारू किती कमी करतील याचा अंदाज त्या क्रमवारीवरून बांधता येत होता. पद्धत तीच, पण ऐकणारा वेगळा, म्हणून फळही वेगळं. ऐकणं मोजता येतं आणि त्याचा परिणामही मोजता येतो, हे त्यातून पुढे आलं. मिलर यांनी १९८३ मध्ये ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ची मांडणी केली. आजच्या कोचिंगचा तो एक मोठा पाया आहे.

मोजतात म्हणजे काय करतात, ते एका काल्पनिक संवादातून पाहू. एक बाई म्हणतात, “दिवसभर पथ्य पाळते हो, पण रात्री सगळे झोपले की फरसाणाचा डबा उघडतेच.” यावर “मग फरसाण घरात आणूच नका” असं म्हटलं, तर तो सल्ला झाला. “किती खाता?” हा प्रश्न झाला. आणि “दिवसभर सगळ्यांचं करून झाल्यावर तो एवढाच वेळ तुमचा स्वतःचा असतो,” असं म्हटलं, तर त्याला रिफ्लेक्शन म्हणतात : ऐकलेलं समजून घेऊन परत समोर ठेवणं. न्यू मेक्सिको विद्यापीठात मिलर यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या मोजणीपद्धतीत तज्ज्ञ ध्वनिमुद्रण ऐकतात आणि प्रत्येक वाक्याची नोंद करतात. दर प्रश्नामागे दोन रिफ्लेक्शन्स पडली, तर काम चांगलं झालं असं मानतात. एका साध्या गप्पेचा असा हिशेब मांडता येतो, हेच मुळात नवलाचं आहे.

कोचिंगच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी मुख्य अमेरिकी संस्था म्हणजे नॅशनल बोर्ड फॉर हेल्थ अँड वेलनेस कोचिंग. तिचा पाया घालणाऱ्यांनी ‘कोच कसा असावा’ हे खुर्चीत बसून ठरवलं नाही. आधी तज्ज्ञांनी प्रत्यक्ष काम करणारे कोच काय-काय करतात याची यादी केली. मग हजाराहून अधिक कोचना विचारलं, यातलं किती तुमच्या कामात खरंच येतं? त्यातून निघालेल्या कौशल्यांवर अभ्यासक्रमाची चौकट बेतली.

आपल्याकडे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायची म्हटलं की भिंती रंगतात, फायली लागतात. कोचिंगच्या मान्यतेतही कागदपत्रं असतातच : तास किती, शिकवणारे कोण, कुठलं कौशल्य कुठल्या पाठात येतं. पण मान्यतेचा जीव एका वेगळ्याच अटीत आहे. शिकणाऱ्यानं प्रत्यक्ष सत्र घ्यायचं आणि जाणकारानं ते ऐकून ठरलेल्या निकषांवर गुण द्यायचे. या कौशल्य-चाचणीशिवाय मान्यता नाही. ड्यूक विद्यापीठ, मेयो क्लिनिक अशा नामवंत ठिकाणचे अभ्यासक्रमही याच चौकटीत बसवलेले आहेत.

मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पुरा केला तरी लगेच बोर्डाच्या परीक्षेला बसता येत नाही. त्याआधी ५० सत्रं घेतल्याची नोंद लागते. प्रत्येक सत्र किमान २० मिनिटांचं हवं, आणि त्यातला किमान ७५ टक्के वेळ शिकवण्यात न घालवता कोचिंगमध्ये गेलेला हवा. म्हणजे माहिती सांगण्यालाही वरची मर्यादा आहे! जितकं जास्त सांगाल तितकं चांगलं, असं मानणाऱ्या शिक्षणाच्या दुनियेत हा नियम उलटाच.

शेवटी १५० बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा असते. २०१७ साली सुरू झालेल्या या परीक्षेत बोर्डाची भागीदार आहे नॅशनल बोर्ड ऑफ मेडिकल एग्झामिनर्स. या नावाशी पुण्या-मुंबईतल्या कितीतरी घरांची ओळख आहे, कारण डॉक्टर झालेली मुलं अमेरिकेला जाण्यासाठी जी यूएसएमएलई देतात, ती चालवणाऱ्या दोन संस्थांपैकी ही एक.

आता एक अडचणीची बाजू. बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेला कान नसतात. उत्तम गुण मिळवणारा माणूसही प्रत्यक्षात समोरच्याला तोडून बोलू शकतो. कौशल्य-चाचणीला कान आहेत, पण ती अभ्यासक्रम चालवणारेच घेतात, आणि आपल्या विद्यार्थ्याकडे झुकतं माप जाण्याची शक्यता राहतेच. ५० सत्रांची नोंद अनुभव सांगते, दर्जा सांगत नाही. एकटं कुठलंच पुरेसं नाही. म्हणून तिन्ही एकत्र ठेवलेत, आणि त्यांना जोडणारा धागा म्हणजे अभ्यासक्रमाची मान्यता. ऐकण्याचं कसब एका फुटपट्टीत मावत नाही, हे ही सगळी रचना आधीच धरून चालते.

हे प्रमाणपत्र अमेरिकेतही ऐच्छिकच आहे. त्याच्याशिवाय स्वतःला कोच म्हणवून घ्यायला तिथं बंदी नाही. तरी २०२० पासून तिथल्या वैद्यकीय बिलांच्या संकेतावलीत कोचिंगसाठी प्रायोगिक स्वरूपाचे तीन स्वतंत्र संकेतांक आले आहेत. नोंद होऊ लागली की पुढे पैशांचा प्रश्न येतो, आणि पैसे कुणाला द्यायचे हे ठरवायला दर्जाचा काहीतरी पुरावा लागतोच.

आपल्याकडे मोबाइलवर दर दोन मिनिटांनी एक हेल्थ कोच भेटतो. त्याला ‘तुमच्याकडे प्रमाणपत्र आहे का?’ असं विचारलं, तर बहुधा ‘हो’ असंच उत्तर येईल. त्यापेक्षा या सगळ्या खटाटोपातून हाती लागलेला प्रश्न विचारून पाहावा : शिकताना तुमचं सत्र कुणी बसून ऐकलं होतं का, आणि ऐकून काय चुका काढल्या?