गाडीला ताप येतो तेव्हा

मुलांनो, तुम्ही कधी कोकणातून घाटाने कोल्हापूरला आला आहात का? वैभववाडी मागे पडली की करूळ घाट लागतो. तो चढून गाडी गगनबावड्याला पोहोचते. या चढणीवर एखादी जुनी जीप कडेला उभी दिसते. तिचे बॉनेट उघडे असते आणि आतून वाफ येत असते. लोक म्हणतात, "गाडी गरम झाली."

गाडी गरम का होते? इंजिनात इंधन जळते, त्यामुळे इंजिन तापते. ही उष्णता काढून नेण्यासाठी त्याच्या आतून पाणी खेळवलेले असते. पंप हे पाणी फिरवतो. तापलेले पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये येते. तेथे बारीक नळ्यांतून जाताना ते वाऱ्याने निवते आणि पुन्हा इंजिनात जाते. घाटात इंजिनावर भार जास्त पडतो, पण गाडी हळू चालत असल्याने समोरचा वारा कमी मिळतो. म्हणून ज्या गाडीत आधीच दोष आहे, ती घाटात दगा देते.

चालकासमोर तापमान दाखवणारा काटा असतो. पण तो नेहमी खरे सांगतोच असे नाही. इंजिनातील पाण्यात एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. अनेक जुन्या गाड्यांत त्यापासून काट्यापर्यंत एकच वायर असते. ती तुटली, तर इंजिन उकळत असले तरी काटा थंडच दाखवतो. तिचे आवरण झिजून ती लोखंडाला टेकली, तर थंड इंजिनही तापलेले दिसते. सर्वांत मोठा धोका पुढेच आहे. पाणी गळून गेले, तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली येऊ शकतो. चालकाला वाटते, गाडी निवली. इंजिन मात्र आत भाजत असते!

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अनेक कारखाने व गॅरेज आहेत. अनुभवी मिस्त्री एकट्या काट्यावर विसंबत नाही. इंजिन थंड असताना तो किल्ली फिरवतो. काटा लगेच 'गरम'वर गेला, तर तो सेन्सरवरची वायर काढतो. काटा खाली आला, तर दोष सेन्सरचा. तसाच राहिला, तर वायरचा किंवा काट्याचा. काटा खरा निघाला, तर तो पाणी, गळती आणि पंख्याचा पट्टा तपासतो. गाडी गर्दीत तापते, पण मोकळ्या रस्त्यावर तापत नाही, असे असेल तर तो आधी पंख्याकडे पाहतो.

एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असते. म्हणून ते 100 अंशांच्या वर तापले तरी लगेच उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो आणि पाणी उसळून अंगावर येते. इंजिन बंद करावे आणि ते पूर्ण निवेपर्यंत थांबावे. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणीही ओतू नये. त्याने इंजिनाला तडा जाऊ शकतो.

चांगला हकीम तापमापक पाहतो, नाडीही पाहतो. गाडीचेही तसेच आहे. काटा पाहावा, पण डोळे, कान आणि नाकही उघडे ठेवावे.

शब्दार्थ : निवणे – थंड होणे. दगा देणे – ऐन वेळी फसवणे. विसंबणे – भरवसा ठेवणे.

प्रश्न
1. जुनी गाडी घाटात जास्त का तापते?
2. काटा खाली आला तरी इंजिन धोक्यात कसे असू शकते?
3. तापलेल्या रेडिएटरचे झाकण का उघडू नये?