बोर्डिंगमधली बंधुता

गेल्या जूनमध्ये माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याने मला महाविद्यालयाच्या जिन्यात गाठले. म्हणाला, "सर, समाजकल्याणच्या होस्टेलला नंबर लागलाय. पण वर्गातली तीन पोरं म्हणत्यात, आपण मिळून खोली घेऊया. काय करू?" ती तीन पोरे कोणत्या समाजातली हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. दोघांनाही ते ठाऊक होते. मी त्याला दोन दिवसांनी ये म्हटले. त्या दोन दिवसांत जे मनात आले ते येथे मांडतो आहे.

'फ्रॅटर्निटी' हा शब्द आपल्याला संविधानाच्या उद्देशिकेमुळे माहीत आहे. पंडित नेहरूंनी घटना समितीत मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात तो नव्हता. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने तो घातला. आपण त्याला बंधुता म्हणतो. अमेरिकेतल्या महाविद्यालयांत मात्र याच शब्दाला एक अगदी व्यवहारी अर्थ आहे. तेथे फ्रॅटर्निटी म्हणजे विद्यार्थ्यांचा संघ. त्याला ग्रीक अक्षरांचे नाव असते, बहुधा स्वतःचे घर असते, एकत्र राहणे-जेवणे असते. नवा सभासद जुन्यांनी निवडायचा. अनेक संघांत एकाचा नकारही पुरेसा असे. आत गेलेला मनुष्य जन्मभराचा 'बंधू' होतो. पुढे नोकरी, वकिली, राजकारण यांत ही ओळख कामी येते. यांपैकी कित्येक संघांच्या नियमावलीतच सभासद गोरा आणि ख्रिस्ती असावा असे कलम होते. बंधुतेच्या दारावर वर्णाचा पहारेकरी!

1906 साली कॉर्नेल विद्यापीठातल्या सात काळ्या विद्यार्थ्यांनी 'अल्फा फाय अल्फा' हा आपला स्वतःचा संघ काढला. यात तुटून राहण्याची हौस नव्हती. जेथे आपल्याला कोणी 'बंधू' म्हणत नाही, तेथे एकमेकांना तरी म्हणावे, एवढाच तो विचार. दुसरा प्रसंग 1948 चा आहे. ॲमहर्स्ट महाविद्यालयातल्या 'फाय कॅपा साय' या संघाच्या शाखेने थॉमस गिब्ज या काळ्या विद्यार्थ्याला आपल्यात घेण्याचे ठरवले. मध्यवर्ती संघटनेने दटावले. पोरे हटली नाहीत, तेव्हा त्या शाखेलाच बाहेर काढण्यात आले. त्या गोऱ्या मुलांनी मोठ्या संघटनेचे नाव सोडले, गिब्जला सोडले नाही. पुढे तो संघ वेगळ्या नावाने चालला.

हे सारे दूरदेशीचे वाटेल. पण कोल्हापूरच्या माणसाला ते परके वाटू नये. 1896 साली येथे राजाराम महाविद्यालयाला जोडून सर्व जातींसाठी म्हणून वसतिगृह निघाले आणि प्रत्यक्षात ते एकाच वरच्या जातीच्या मुलांनी भरले. दार सर्वांना उघडे ठेवले म्हणजे सर्व जण आत येतात असे नाही, हा धडा शाहू महाराजांनी त्यातून घेतला. 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैनांचे, पुढे मुसलमानांचे, लिंगायतांचे. 1908 साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. मुंबईच्या गव्हर्नरांच्या मुलीचे नाव त्याला दिले होते. महाराजांनी बोर्डिंगे काढून जाती पक्क्या केल्या अशी टीका आजही होते. टीका करणाऱ्यांपैकी कोणी चाळीस ताटांच्या पंगतीत एकटे बसून जेवलेले नसावे. खेड्यातून आलेल्या पोराला आधी आपल्यासारखी दहा पोरे दिसावी लागतात. मग तो मान वर करून अकराव्याशी बोलतो. महाराजांना ते उमगले होते.

मी स्वतः एकटा होतो. अगदी एकटा नव्हे. एका खासगी वसतिगृहात चाळीस मुलांत आम्ही दोघे होतो. माझ्या घरात कॉलेजचे तोंड पाहिलेला मी पहिला. सरकारी वसतिगृहाची यादी लागून गेल्यावर मी गावाहून आलो, म्हणून तेथे राहिलो. कोणी मला मारले नाही, वेगळे ताट दिले नाही. उलट, "तू आमच्यातलाच की रे," असे वारंवार सांगत. ज्यांना हे कधी ऐकावे लागत नाही तेच खरे 'आमच्यातले' असतात, हे समजायला मला वर्ष लागले. गणपतीची वर्गणी मी दिली, आरतीला टाळ्या वाजवल्या. चौदा एप्रिलची पावती मात्र खिशातच राहिली. भिंतीवर सगळ्यांची चित्रे होती. बाबासाहेबांचा फोटो मी ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवला होता. शिष्यवृत्ती आली की कोणीतरी "सरकारचे जावई" म्हणे. मीही हसत असे. त्या हसण्याची मला आज जास्त लाज वाटते.

खोलीतला एक मित्र खरोखर जिवाभावाचा होता. 2008 च्या दिवाळीत तो मला हट्टाने आपल्या गावी घेऊन गेला. एस.टी. सुटल्यावर खिडकीबाहेर पाहत तो म्हणाला, "आईला तुझं आडनाव जाधव सांगितलंय बघ. उगं काय तर विषय नको." माझे आडनाव असे आहे की ते सांगितल्यावर आमच्या भागात पुढचा प्रश्न उरत नाही. जाधव मराठ्यांतही असतात आणि आमच्यातही. म्हणजे ते धड खोटेही नव्हते. किती विचार करून निवडले होते ते नाव! त्या माउलीने मला स्वतःच्या हाताने वाढले. "खा की रं पोरा, लाजतोस काय? आईच्या घरात लाजायचं न्हाई," असे ती म्हणत होती. ती हे जाधवच्या पोराला म्हणत होती. मी दोन दिवस ते अन्न खाल्ले आणि दोन्ही रात्री जागा राहिलो. मित्राला वाटत होते, त्याने माझ्यावर उपकार केले. कदाचित केलेही असतील.

येथे गोऱ्यांतला काळा आणि सवर्णांतला दलित यांत फरक पडतो. दलित पँथरच्या काळापासून आपण आणि काळ्यांचे लेखन यांचे नाते जोडत आलो आहोत, आणि ते खरेच आहे. परंतु गिब्जला कोणी सांगू शकत नव्हते की दोन दिवस गोरा हो. आपल्याला सांगता येते. कातडी लपत नाही, आडनाव लपते. म्हणून आपल्याकडची बंधुता लपण्याच्या अटीवर मिळते. या अटीने मैत्री टिकते, फक्त ज्याच्याशी मैत्री झाली तो मनुष्य तेथे नसतो.

कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजचे, जैन घराण्यातले. कोल्हापुरात शिकताना ते जैन बोर्डिंगात राहत. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले. परतल्यावर विटाळ गेला पाहिजे, अंघोळ करा, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी केली नाही आणि बोर्डिंगला मुकले. पुढे महाराजांनी त्यांना आश्रय दिला. 1919 साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि 1924 साली साताऱ्यात जे वसतिगृह काढले त्यात सर्व जातींची मुले एकत्र रांधत, एका पंगतीला जेवत. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आले. मला या कथेत संस्थेपेक्षा ती न केलेली अंघोळ मोठी वाटते. एका पोराने आपल्या माणसांत आपली जागा गमावली. माझ्या मित्राने अंघोळीचा प्रश्नच उद्भवू दिला नाही. तो वाईट होता असे मी म्हणणार नाही. मीही आईसमोर माझे नाव सांगितले नाही, एस.टी.त बसून ते गिळले.

दोन दिवसांनी विद्यार्थी आला. मी त्याला म्हणालो, "होस्टेलचा नंबर सोडू नकोस. आणि खोली बघायलाही जा. घरमालकाने नाव विचारले तर पूर्ण सांग, त्या तिघांच्या देखत." त्याने मान हलवली. माझा सल्ला त्याला फारसा आवडला नसावा.

आठवड्याने तो वर्गाबाहेर थांबला होता. राजारामपुरीत एक खोली त्यांना पसंत पडली होती. मालकाने चौघांची नावे लिहून घेतली, याच्या नावापाशी पेन थांबवले आणि म्हणाला, घरात विचारून सांगतो. दुसऱ्या दिवशी फोन आला, खोली तिघांनाच देता येईल.

"मग?" मी विचारले.

"दोघं गेली तिथं राहायला," तो म्हणाला. "एक नाही गेला. अजून खोली बघायलाय. रोज संध्याकाळी माझ्या होस्टेलवर येतोय जेवायला."