मुक्या वेदनेचे मोजमाप

ससा दुखले म्हणून ओरडत नाही. निसर्गात तो भक्ष्य असल्याने दुबळेपणा लपविणे ही त्याची उपजत वृत्ती असते आणि घरातल्या सुरक्षित कोपऱ्यातही ती सुटत नाही. नीट जपलेला ससा ८ ते १२ वर्षे जगतो. उतारवयात पुष्कळ सशांना सांध्यांची झीज ग्रासते. उडी आखूड होणे, पाठीला बाक काढून बसणे, दात करकर वाजविणे, अंगाची स्वच्छता न राखणे ही लक्षणे ‘वय झाले’ म्हणून सोडून दिली जातात. पुष्कळदा तीच वेदनेची भाषा असते.

अशा सशाला पशुवैद्य बहुधा मेलॉक्सिकॅम दीर्घकाळ देतात. सशाचे शरीर हे औषध लवकर बाहेर टाकते. त्यामुळे कुत्र्याच्या मात्रेवरून त्याची मात्रा ठरविता येत नाही. ती सशांच्या उपचारांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यानेच ठरवावी. या औषधाची द्रावणे १ मिलिलिटरमध्ये ०.५ मिलिग्रॅम आणि १.५ मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या तीव्रतेची मिळतात. बाटली बदलली आणि सिरिंजवरची खूण तीच राहिली, तर मात्रा तिप्पट होऊ शकते.

या औषधाचा ताण मूत्रपिंडावर येऊ शकतो. म्हणून पाण्याचे भांडे सदैव भरलेले असावे आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने ठरावीक काळाने रक्ततपासणी व्हावी. घरातील माणसांची वेदनाशामक गोळी किंवा स्टेरॉइड त्याच्या जोडीला स्वतःहून कधीही देऊ नये.

मनुष्य उपवास निश्चयाने करतो; सशाचा उपवास ही मात्र संकटाची सूचना असते. त्याचे आतडे सतत चालते राहावे लागते. अर्धा दिवस त्याने खाल्ले नाही किंवा लेंड्या थांबल्या, तर पुढची मात्रा देण्यापूर्वीच पशुवैद्याला गाठावे.

गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरावी, वाळलेले गवत मुबलक द्यावे, वजन वाढू देऊ नये. एका वहीत वजन, मात्रा, खाणे आणि लेंड्या यांची नोंद ठेवावी. ससा पुन्हा बागडू लागला म्हणून औषध परस्पर थांबवू नये. तो मंदावला म्हणून परस्पर वाढवूही नये. दोन्ही निर्णय त्या वहीच्या आधारे पशुवैद्यानेच घ्यावेत.

करुणा मनात उपजते. मुक्या जीवापर्यंत ती पोहोचते मोजलेल्या थेंबांतून आणि रोजच्या नोंदीतून.