पदरमोडीवर धान्यगट टिकत नाही



वस्तीतल्या दुकानातून आपण डाळ पावशेराने घेतो, म्हणून किलोमागे जास्त पैसेही आपल्यालाच पडतात. भाव वाढला की भात तेवढाच राहतो, वरण मात्र पातळ होतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनाप्रमाणे मोठ्या माणसाच्या रोजच्या जेवणात डाळी-कडधान्यं, अंडी, मांस मिळून साधारण ८५ ग्रॅम हवं. पाच माणसांच्या घरात पावशेर डाळीने ते भागत नाही. नर्स म्हणून गरोदर बायांना मी "डाळ खा, अंडी खा" असं रोज सांगायचे. पण ते आणायचं कुठून, याचं उत्तर औषधाच्या चिठ्ठीत नसतं.

एक उत्तर म्हणजे धान्यगट. पंधरा-वीस घरांनी पैसे गोळा करून घाऊक बाजारातून पोती आणायची आणि वाटून घ्यायची. पण असे गट मी बंद पडतानाही पाहिले आहेत. भांडणापेक्षा पदरमोडीने जास्त. "ना नफा ना तोटा" म्हणत माल खरेदीच्याच भावात वाटला जातो. मग टेम्पो, हमाली, पिशव्या, बाजारात जायचं रिक्षाभाडं कुणी द्यायचं? पोतं फोडून किलो-किलो मापताना थोडी घट येतेच, ती कुणाच्या नावावर? हे सगळं गट चालवणाऱ्या ताईच्या खिशातून जातं. चार महिन्यांत ती थकते आणि गट संपतो.

म्हणून खर्च लपवू नका, भावातच धरा. समजा, वीस घरांची महिन्याची खरेदी २०,००० रुपयांची आहे. टेम्पो ६००, हमाली १००, पिशव्या १००, रिक्षाभाडं १००, घट १००. एकूण खर्च १,००० रुपये. खरेदीवर शेकडा ६ रुपये लावले तर १,२०० जमतात. खर्च भागून २०० शिल्लक राहतात. घाऊकात ११० रुपये किलोची डाळ ११६ रुपये ६० पैशांना पडेल. दुकानात ती १३० ला असेल, तर तरीही किलोमागे १३ रुपये ४० पैसे वाचले.

ती शिल्लक वाटू नका, राखीव ठेवा. एखाद्या महिन्यात खरेदी निम्म्यावर आली तर जमतील ६०० रुपये. पण टेम्पो आणि रिक्षा तेवढेच पैसे घेणार, खर्च ८५० च्या आसपास जाईल. तो खड्डा राखीवेतून भरतो.

दर घरामागे सारखी वर्गणी का नको? कारण दोन किलो घेणाऱ्या एकट्या आजीला आणि वीस किलो घेणाऱ्या घराला सारखाच भार पडतो. शेकड्याने लावलं की जितकी खरेदी तितका वाटा.

ही वाट जुनी आहे. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात १८४४ साली कामगारांनी पीठ, साखर, लोणी असा माल विकणारं स्वतःचं दुकान काढलं. माल बाजारभावाने आणि रोखीने विकायचा, खर्च भागवायचा आणि उरलेले पैसे ज्याच्या-त्याच्या खरेदीच्या प्रमाणात परत द्यायचे, अशी त्यांची रीत होती. पुढे जगभरच्या सहकारी संस्थांनी त्यांचा कित्ता गिरवला.

आपल्या गटासाठी चार नियम पुरेत:

१. मागणी आणि पैसे आधी घ्या. उधारी नको. ज्या घराची खरंच अडचण आहे, त्याला मदत कशी करायची ते बैठकीत ठरवा.

२. पैसे एकीकडे, वही दुसरीकडे. दोन्ही एकाच हातात नकोत.

३. प्रत्येक महिन्याची पावती आणि हिशेब विहाराच्या फलकावर लावा. हिशेब दिसला की संशयाला जागा उरत नाही.

४. बाजारात जायची पाळी लावा. जाणारीचं भाडं आणि चहा गटाच्या खर्चात धरा. ती आपली रोजी बुडवून जाते. वरून पैसेही तिनेच घालावेत, हा न्याय नाही.

किलोमागे सहा-सात रुपये उघडपणे द्या, म्हणजे पुढच्या वर्षीही वरण घट्ट राहील.